विसरण्याचा पुरावा : मेंदूच्या कापापासून रक्ताच्या थेंबापर्यंत

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठीत जुनी आहे. आमच्या दखनी घरांत तेच ‘सठिया गए’ असे म्हणतात. जयसिंगपूर-शिरोळ भागातल्या मुस्लिम घरात ही दोन्ही वाक्ये एकाच ओट्यावर ऐकू येतात, कारण घरात दखनी, बाजारात मराठी आणि थोडे पुढे गेले की कन्नड, असे आपले तीन भाषांचे जगणे आहे. भाषा कोणतीही असली तरी अर्थ एकच असतो. म्हातारपणी माणूस विसरतो, त्यात नवल नाही आणि इलाजही नाही. म्हणून दादी चार वेळा जेवण मागू लागली, नाना नमाजेत रकाती विसरू लागले, अब्बा ओळखीच्या गल्लीत वाट चुकले, तरी दवाखान्याची पायरी चढायची कोणाला गरज वाटत नाही.

हा समज चुकीचा आहे, हे सिद्ध करायला वैद्यकशास्त्राला शंभराहून अधिक वर्षे लागली. तो इतिहास आपल्याला माहीत असला पाहिजे. कारण ‘पुरावा कुठे आहे?’ या एकाच प्रश्नाभोवती तो फिरतो, आणि त्या पुराव्यात आपली माणसे फार उशिरा आली.

विसरणे हा आजार असू शकतो, ही कल्पना आपल्या परंपरेला परकी नाही. कुरआनात सूरह नहलमध्ये अशा वयाचा उल्लेख आहे, जिथे पोहोचल्यावर माणसाला पूर्वी माहीत असलेलेही माहीत राहत नाही. दहाव्या शतकात आजच्या ट्युनिशियातल्या कैरवान शहरातल्या इब्न अल-जज्जार या हकिमाने विस्मृती आणि तिचे उपचार यांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. इब्न सीनानेही ‘कानून’मध्ये मेंदूच्या आजारांत स्मरणशक्तीच्या बिघाडाचा विचार केला. त्यांची कारणमीमांसा शरीरातील थंड-ओलसर मिजाजाची होती. ती आज टिकणारी नाही. पण विसरण्याचा संबंध मेंदूशी आहे, इतके त्यांनी ओळखले होते. मेंदूत नेमके काय बिघडते, हे पाहण्याचे साधन मात्र त्यांच्याकडे नव्हते.

ते साधन युरोपात तयार झाले. नोव्हेंबर १९०१ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरातील मनोरुग्णालयात आउगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिला नवऱ्यावर विनाकारण संशय येई, वस्तू ठेवलेल्या जागा आठवत नसत, स्वतःचे नावही नीट लिहिता येत नसे. डॉ. अलॉईस अल्झायमर यांनी तिच्याशी झालेले बोलणे तपशीलवार नोंदवून ठेवले. एप्रिल १९०६ मध्ये ती वारली. तोपर्यंत अल्झायमर म्युनिकला गेले होते. त्यांनी तिचा मेंदू मागवून घेतला, पातळ काप केले आणि चांदीच्या क्षारांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशींच्या बाहेर गोळे साचले होते आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता झाला होता. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन येथील सभेत त्यांनी हे मांडले. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचे नाव दिले.

इथेच एक घोटाळा झाला. आउगुस्टे वयाने म्हातारी नव्हती. त्यामुळे ‘अल्झायमर’ हा पन्नाशीतला दुर्मीळ आजार आणि सत्तरीतले विसरणे म्हणजे नुसते म्हातारपण, अशी वाटणी पडली. प्रागमधल्या ऑस्कर फिशर या डॉक्टरने १९०७ मध्येच बुद्धिभ्रंश झालेल्या १६ वृद्धांचे मेंदू तपासून त्यांतल्या १२ जणांत तेच गोळे दाखवले होते. पण फिशर ज्यू होते. पुढे नाझींनी त्यांना पकडले आणि १९४२ मध्ये तेरेझिनच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे काम कित्येक दशके विस्मरणात गेले. १९६०च्या दशकात इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी वृद्धांची हयातीतली तपासणी आणि मृत्यूनंतरचा मेंदू यांची सांगड घातली, तेव्हा कुठे म्हातारपणीचा स्मृतिभ्रंशही बहुतेकदा तोच आजार असल्याचे मान्य होऊ लागले.

तरीही पुरावा मिळायचा तो मृत्यूनंतरच. १९८४ मध्ये अमेरिकेत निदानाचे निकष ठरले. त्यांत डॉक्टरने जिवंत रुग्णाला फार तर ‘संभाव्य अल्झायमर’ म्हणायचे होते. ‘निश्चित’ म्हणण्यासाठी मेंदूचा तुकडा हवा होता. आपल्याकडे मय्यत शक्य तितक्या लवकर दफन करण्याची रीत आहे आणि शवविच्छेदनाला घरचे सहसा तयार होत नाहीत. म्हणजे पुरावा मेंदूच्या कापात होता तोवर आपला समाज त्या पुराव्याच्या जवळपास नव्हताच.

मग जिवंत माणसासाठी काय होते? प्रश्नावली. १९७५ मध्ये आलेली ३० गुणांची एक छोटी चाचणी जगभर वापरली जाते. आज तारीख कोणती, शंभरातून सात-सात वजा करत जा, एक वाक्य लिहा, ही आकृती पाहून काढा. शाळेत गेलेल्या माणसाला हे सोपे जाते. पण ज्या आजीने आयुष्यात हातात पेन धरले नाही, ती तल्लख असूनही या परीक्षेत नापास होते. स्मरणशक्तीची परीक्षा म्हणून जी घेतली जात होती, ती निम्मी शाळेचीच परीक्षा होती.

भारतीय संशोधकांनी हे वेळीच ओळखले. हरियाणातल्या बल्लभगढ भागातील २८ खेड्यांत ५५ वर्षांवरील ५,१२६ लोकांचा अभ्यास झाला. त्यांतले ७३ टक्के निरक्षर होते. त्यांच्यासाठी हिंदी चाचणी नव्याने बांधली गेली. शंभरातून सात ऐवजी वीसमधून तीन वजा करायचे, वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काहीतरी सांगायचे. १९९८ मध्ये निष्कर्ष आला. ६५ वर्षांवरील १.३६ टक्के लोकांत स्मृतिभ्रंश आढळला, म्हणजे पाश्चात्त्य आकड्यांपेक्षा बराच कमी. मुंबईत चाळिशीपुढील २४ हजारांहून अधिक लोकांची पाहणी झाली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६५ वर्षांवरील प्रमाण २.४४ टक्के होते. पुढे देशव्यापी लासी-डॅड अभ्यासाने २०२३ मध्ये साठीपुढील लोकांसाठी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज दिला. स्त्रियांत, ग्रामीण भागात आणि शिक्षण न मिळालेल्यांत हे प्रमाण जास्त दिसले. वेगवेगळ्या पद्धतींनी केलेल्या या पाहण्यांचे आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत, हे खरे. पण रुग्ण ठरवण्याची मोजपट्टी किती नाजूक आहे, ते यातून कळते.

जयसिंगपूर वसवले ते राजर्षी शाहू महाराजांनी, आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने. त्याच महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले आणि त्याआधी १९०६ मध्ये मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी संस्था उभी केली. तरी आज ऐंशीच्या घरात असलेल्या आपल्या कितीतरी दादी-नानी शाळेच्या दारातही गेल्या नाहीत. लहानपणी न मिळालेले शिक्षण हे स्मृतिभ्रंशाच्या धोक्याचे एक मान्य कारण आहे. म्हणजे ज्यांना धोका जास्त, त्यांच्याच बाबतीत प्रश्नावली सर्वांत कमी भरवशाची.

म्हणूनच बायोमार्करचा शोध महत्त्वाचा ठरतो. बायोमार्कर म्हणजे शरीरात मोजता येणारी आजाराची खूण. मधुमेहात ‘तीन महिन्यांची साखर’ पाहतात, तसेच. ही खूण सापडण्यासाठी आधी ते गोळे आणि तो गुंता कशाचा बनला आहे, हे कळायला हवे होते. १९८४ मध्ये जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी अमायलॉइड बीटा हे प्रथिन वेगळे काढले. गोळे त्याचेच होते. दोन वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये मूळचे पाकिस्तानचे खालिद इक्बाल आणि त्यांच्या जर्मन पत्नी इंगे ग्रुंडके-इक्बाल यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की धाग्यांचा गुंता ‘टाऊ’ या प्रथिनाचा असतो आणि त्याला प्रमाणाबाहेर फॉस्फेट चिकटलेले असते. आज रक्तात जे मोजतात त्याचे मूळ या शोधात आहे. ‘आपल्या लोकांनी विज्ञानाला दिले काय?’ असे विचारणाऱ्यांनी आणि फक्त मध्ययुगातली नावे मोजणाऱ्यांनीही हे नाव लक्षात ठेवावे.

१९९०च्या दशकात पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात ही प्रथिने मोजता येऊ लागली. अमायलॉइड मेंदूत अडकून पडते म्हणून पाण्यात त्याचे प्रमाण घटते आणि टाऊचे वाढते. २००४ मध्ये पिट्सबर्गच्या क्लंक आणि मॅथिस यांनी स्वीडनमधील सहकाऱ्यांसोबत असे किरणोत्सारी द्रव्य वापरले की जिवंत माणसाच्या मेंदूतले अमायलॉइड पेट स्कॅनवर उजळून दिसले. आउगुस्टेच्या मेंदूत जे मृत्यूनंतर दिसले, ते आता हयातीत दिसू लागले. पण त्या द्रव्याची ताकद दर वीस मिनिटांनी निम्मी होते, त्यामुळे ते बनवणारे यंत्र शेजारीच लागते. पाठीत सुई टोचून घ्यायला आपले म्हातारे तयार होत नाहीत, आणि असला स्कॅन तालुक्याच्या गावी होत नाही.

राहिले रक्त. रक्तात ही प्रथिने इतकी कमी असतात की ती मोजणारी तंत्रे यायला आणखी वीस वर्षे गेली. २०२० मध्ये स्वीडन, अमेरिका आणि कोलंबियातल्या १,४०२ लोकांच्या अभ्यासात ‘पी-टाऊ २१७’ या खुणेने अल्झायमर इतर मेंदूविकारांपासून अचूक वेगळा काढून दाखवला. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लक्षणे असलेल्या लोकांसाठी अशा पहिल्या रक्तचाचणीला मंजुरी दिली. ही चाचणी तारीख विचारत नाही, वाक्य लिहायला सांगत नाही. शाळेत न गेलेल्या दादीला आणि निवृत्त प्राध्यापकाला ती एकाच नजरेने पाहते.

पण हुरळून जाऊ नये. पहिले म्हणजे, किडनीचा जुनाट आजार असेल तर रक्तातले हे टाऊ वाढलेले दिसते, आणि लठ्ठपणात उलट कमी दिसू शकते. आपल्या घराघरात मधुमेह आहे, त्यातून किडनी बिघडते. परदेशात ठरलेली मर्यादा इथे जशीच्या तशी लावून चालणार नाही. दुसरे, अमायलॉइड असूनही कित्येक वृद्ध अखेरपर्यंत ठणठणीत राहतात. म्हणून काही त्रास नसताना हौसेने ही चाचणी करू नये. तिसरे, ही खूण फक्त अल्झायमरची आहे. छोट्या-छोट्या पक्षाघातांनी येणारा स्मृतिभ्रंश एमआरआयवर शोधावा लागतो. आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, पडल्यानंतर डोक्यात साठलेले रक्त या गोष्टी तर उपचाराने सुधारतात. महागड्या चाचणीआधी या साध्या तपासण्या झाल्याच पाहिजेत. त्यासाठी मिरज-सांगली पुरेसे आहे.

मर्यादा इथल्या रक्तावर ठरवायच्या तर इथल्या माणसांनी अभ्यासात यायला हवे. बंगळुरूच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चने कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर भागातील खेडुतांचा वर्षानुवर्षे मागोवा घेण्याचे काम चालवले आहे. लासी-डॅडनेही रक्ताचे नमुने घेतले आहेत. हैदराबादेत डॉ. सुवर्णा अल्लादी यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची पाहणी केली. २०१३ मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षानुसार, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाली, आणि निरक्षरांतही हा फरक दिसला. दखनी, मराठी, कन्नड अशी कसरत रोज करणाऱ्या आपल्या माणसांबद्दल विज्ञानाला अजून बरेच शिकायचे आहे. कोणी पाहणीला आले तर दार लावून घेऊ नये.

‘इलाज नाही तर निदान कशाला?’ असे विचारले जाते. आजार थोडा मंदावणारी औषधे आली आहेत, पण ती महाग आहेत आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका बाळगून आहेत. निदानाचा खरा उपयोग वेगळा आहे. हिबा असो की वसीयत, ती करणाऱ्याची अक्ल शाबूत असावी लागते. आजार लवकर कळला तर घर कोणाला, कर्ज कोणाचे, अमानत कोणाची हे माणूस स्वतःच्या तोंडाने सांगू शकतो. नंतर अंगठा धरून घेतलेल्या कागदांवरून भाऊ-बहिणी कोर्टात जातात, आणि बहुतेक वेळा हक्क बुडतो तो बहिणीचा.

आणखी एक. ज्याची अक्ल हरपली त्याच्यावर शरीयतने नमाज-रोज्याची जबाबदारी ठेवलेली नाही. चुकलेल्या रकातींवरून, तेच तेच विचारण्यावरून म्हाताऱ्या आईवर खेकसणाऱ्यांना हे सांगावे लागते. आई-वडिलांसमोर ‘उफ’ही न काढण्याची ताकीद तर आपल्याला पाठच आहे. ती मुद्दाम करत नाही, तिच्या मेंदूत दोन प्रथिने साचली आहेत, एवढे कळण्यासाठी रक्ताच्या अहवालाची वाट पाहायची गरज नाही.