जुहूच्या चिखलापासून बेरिंग समुद्रापर्यंत : एका हलक्या विमानाचा इतिहास (दीर्घ धागा)

घाटकोपरच्या कोणत्याही गच्चीवर सायंकाळी दहा मिनिटे उभे राहा. पूर्वेकडून येणारी विमाने चाके उघडून, एकामागोमाग एक, सांताक्रूझच्या धावपट्टीकडे उतरताना दिसतील. आम्हां घाटकोपरकरांना विमानाचे अप्रूप उरलेले नाही. बोलणे अर्ध्यावर थांबवायचे, आवाज ओसरला की पुढे चालू करायचे, एवढीच सवय.

ही सवय २८ जून २०१८ रोजी मोडली. जुहूहून चाचणीसाठी उडालेले एक छोटे विमान घाटकोपरमध्ये बांधकामाच्या जागेवर कोसळले. विमानातील चौघे आणि रस्त्यावरचा एक पादचारी असे पाच जण गेले. त्यानंतर बरेच दिवस आमच्याकडे प्रत्येक आवाजासरशी माना वर होत.

त्यानंतर जेमतेम महिन्याने, ३० जुलै २०१८ रोजी, पतियाळाहून याहूनही कितीतरी लहान विमान जगप्रदक्षिणेसाठी निघाले. वैमानिक दोघी : कीथएअर मिस्किटा आणि बोरिवलीची आरोही पंडित. दोघींचेही वय विशीतले. विमानाचे नाव ‘माही’. स्लोव्हेनियात घडलेले, एका इंजिनाचे, वजन चारशे किलोंच्या आसपास. आजचा धागा आरोहीने पुढे एकटीने पार केलेल्या उत्तरेकडील दोन टप्प्यांविषयी आहे, आणि ते टप्पे मुळात कोणी व कशासाठी आखले याविषयी.

आरंभ मात्र आपल्या अंगणातून करू. जुहूला १९२८ मध्ये विमानतळ सुरू झाला. तेथील बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकून जे. आर. डी. टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळवला. भारतात दिला गेलेला हा पहिला परवाना. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते ‘पस मॉथ’ विमानातून कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्रकाठची सपाट माती. पावसाळ्यात ती चिखलात जाई, म्हणून विमानसेवेचा मुक्काम पुण्याला येरवड्याला हलवावा लागे.

(कंसातले थोडे : तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवले, हा निरोप दरवर्षी फिरतो. त्याला समकालीन विश्वसनीय पुरावा नाही, आणि ‘वैमानिक शास्त्रा’तील आराखडे उडू शकणारे नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच मांडला आहे. जुहूचा इतिहास कागदोपत्री शाबूत असताना त्याच्याकडे पाठ फिरवून आपण या कथेत रमतो, याचे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला वाईट वाटते.)

त्याच १९३२ च्या ऑगस्टमध्ये जिम मॉलिसन याने याच जातीच्या ‘पस मॉथ’मधून एकट्याने अटलांटिक ओलांडला होता, पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे समोरच्या वाऱ्याशी झुंजत. ‘माही’ त्या ‘पस मॉथ’पेक्षाही हलकी. एवढ्या लहान विमानाला थेट महासागर झेपत नाही. त्याला उत्तरेकडे सरकून बेटाबेटाने जावे लागते : स्कॉटलंड, आइसलँड, ग्रीनलंड, कॅनडा.

या पायऱ्या युद्धाने घडवल्या आहेत. आरोही जेथून निघाली ते स्कॉटलंडचे विक हे दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश हवाई दलाचे ठाणे. मे १९४१ मध्ये येथूनच उडालेल्या टेहळणी विमानाने नॉर्वेच्या किनाऱ्यावर दडलेल्या ‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेचे छायाचित्र टिपले. ती जेथे पोहोचली ते कॅनडाचे इकालुइट म्हणजे अमेरिकी लष्कराचे ‘क्रिस्टल टू’. युरोपला विमाने पोहोचवण्याच्या मार्गावरील टप्पा म्हणून ते १९४२ च्या सुमारास उभे राहिले. माशांनी समृद्ध अशा खाडीकाठी धावपट्टी आली आणि धावपट्टीभोवती गाव वाढले. आज ते नुनावुत प्रदेशाची राजधानी आहे. उर्वरित कॅनडाशी त्याला जोडणारा रस्ता आजही नाही. जहाजे येतात ती समुद्र मोकळा असेल तेव्हाच. बाकी सारे आकाशातून.

मे २०१९ मध्ये आरोहीने हा सुमारे ३,००० किलोमीटरचा प्रवास आइसलँड व ग्रीनलंडला थांबे घेत पुरा केला. हलक्या क्रीडा-विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडणारी जगातली पहिली स्त्री म्हणून तिची नोंद झाली. वय २३. ‘हलक्या क्रीडा-विमानातून’ हे शब्द गाळून बातमी पसरवू नये. एकटीने अटलांटिक १९३२ मध्येच अमेलिया इअरहार्टने ओलांडला होता. त्या शब्दांतच या उड्डाणाचे खरे अवघडपण आहे. अशा विमानाला पंखांवरचा बर्फ वितळवण्याची सोय नसते, त्यामुळे ढगात शिरणे म्हणजे संकट ओढवून घेणे. चुंबकीय ध्रुव जवळ असल्याने होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून बरीच ढळते. खालच्या पाण्यात पडलेला माणूस फार काळ तग धरत नाही. म्हणून आकाश निवळेपर्यंत जमिनीवर थांबणे, हेच या वैमानिकांचे अर्धे कौशल्य. योगायोग असा की, २००६ मध्ये एअरबसने आपले अजस्र ए-३८० कडाक्याच्या थंडीत तपासण्यासाठी याच इकालुइटच्या धावपट्टीवर आणले होते.

ऑगस्ट २०१९ मध्ये दुसरा टप्पा : अलास्कातील उनालाक्लीट ते रशियातील अनादिर, मध्ये बेरिंग समुद्र. उनालाक्लीट हे शेकड्यांत लोकवस्ती असलेले इनुपियाक लोकांचे गाव. १९२५ च्या हिवाळ्यात नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा प्रतिविष विमानाने न्यावे की कुत्र्यांच्या गाड्यांनी, असा प्रश्न पडला. उपलब्ध विमाने उघड्या कक्षाची, थंडी भयंकर. शेवटी कुत्र्यांवर भिस्त ठेवली गेली. वीस गाडीवानांनी सुमारे १,०८५ किलोमीटरचे अंतर साडेपाच दिवसांत टप्प्याटप्प्याने कापले, आणि त्यांतला एक टप्पा उनालाक्लीटला बदलला. पुढे काही दशकांतच कुत्र्यांची जागा छोट्या विमानांनी घेतली. आज या गावाचे टपाल, औषधे, भाजीपाला त्यांतूनच येतो. आपल्याकडे एसटीचे जे स्थान, ते तिकडे चार-सहा आसनांच्या विमानाचे.

बेरिंगवरून विमाने नेण्याची वाटही युद्धकाळातली. १९४२ ते १९४५ दरम्यान अमेरिकेने सोव्हिएत संघाला दिलेली सुमारे ८,००० विमाने सोव्हिएत वैमानिकांनी अलास्कातून सायबेरियात नेली. त्यानंतर शीतयुद्धाने ती वाट कित्येक दशके बंद केली. आजही येथे हवामानाइतकीच परवानग्यांची वाट पाहावी लागते. शिवाय मधोमध आंतरराष्ट्रीय वाररेषा. उन्हाळ्यात अलास्का व अनादिर यांच्या घड्याळांत वीस तासांचे अंतर असते, त्यामुळे काही तासांच्या उड्डाणात वैमानिक दुसऱ्या तारखेत उतरतो.

१५ ऑक्टोबर २०२१ रोजी आरोहीने जे. आर. डीं.चे ते टपाल-उड्डाण पुन्हा केले, जीपीएस व स्वयंचालक यंत्रणा न वापरता. कराची आता सीमेपलीकडे, म्हणून आरंभ भूजहून. १९७१ च्या युद्धात बाँबने उखडलेली भूजची धावपट्टी माधापरच्या सुमारे ३०० स्त्रियांनी तीन दिवसांत पुन्हा उभी केली होती. त्यांच्यापैकी हयात स्त्रियांची पत्रे टपाल म्हणून विमानात होती. अहमदाबादला थांबून ‘माही’ दुपारी जुहूला टेकली.