रक्ताची साक्ष आणि वंशावळीतला ‘द’

कुळाचा इतिहास शोधावयाचा तर साक्ष कोणाची काढावी, हा प्रश्न आपल्या समाजास पूर्वी फारसा अडला नाही. देवघरातील पेटीत वंशावळीची गुंडाळी असे, त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेस गेलेल्या पूर्वजांची नावे असत, आणि गोमंतकातील कुलदेवतेच्या देवळात महाजनांमध्ये आपले घराणे सापडे. आता या जुन्या साक्षीदारांशेजारी एक नवा साक्षीदार येऊन उभा राहिला आहे. नळीत थोडी लाळ घालून ती प्रयोगशाळेकडे पाठवावी, आणि काही आठवड्यांनी पूर्वजांचा हिशेब टक्केवारीने हाती यावा. परदेशातून सुटीवर आलेल्या मुलांच्या हौसेने ही नळी वडोदऱ्यातील वासणा येथील आमच्या घरीही आली.

आमचे घराणे मूळचे कुशस्थळीचे, श्रीमंगेशाचे कुळावी. तेथून सावंतवाडीस आणि पुढे गायकवाडांच्या चाकरीनिमित्त बडोद्यास आले, असे वंशावळ सांगते. दांडिया बाजारातील जुने घर सोडून वासण्यास आलो, तेव्हा ती गुंडाळी देवांबरोबरच आणली. थोरल्या काकांनी आपली लाळ पाठविली, तशीच पुण्याच्या शाखेतील त्यांच्या चुलतचुलत भावानेही पाठविली. पणजोबा एकच असलेल्या अशा दोन भावांत सरासरीने तीन टक्क्यांच्या आसपास डीएनए समान असावयास हवा. निकालात तितका तो नव्हता. एका ज्ञातीतील कोणत्याही दोन घरांत आढळावी तेवढीच अंधुक खूण काय ती होती.

त्या संध्याकाळी काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “अरे, मग देवळात संकल्प सोडताना मी गोत्र कोणाचे उच्चारीत आलो?” हा प्रश्न आम्हांस टक्केवारीहून भारी वाटला.

उत्तर पेटीतच होते. वंशावळीत आमच्या आजोबांच्या नावापुढे एक लहानसा ‘द’ काढलेला आहे. तो दत्तात्रेय या नावाचा असावा, असे समजून आम्ही त्याकडे कधी पाहिले नव्हते. गाठोड्याच्या तळाशी मोडीतील एक कागद निघाला, तो जाणत्याकडून वाचवून घेतला, तेव्हा ते दत्तकपत्र ठरले. पणजोबांस संतान नव्हते. त्यांनी आपल्याच ज्ञातीतील, परंतु अन्य गोत्राच्या एका गरीब घरातील मुलगा विधिपूर्वक घेतला होता. पूर्वजांनी काही लपविले नव्हते. वाचावयास आम्हीच विसरलो होतो.

बडोद्याच्या रहिवाशाने दत्तकाचे नवल करावे, हेच खरे नवल. मल्हारराव गायकवाड 1875 च्या एप्रिलात पदच्युत झाले, आणि त्याच वर्षी 27 मे रोजी खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला. गायकवाडांच्याच एका दूरच्या शाखेतला हा शेतकऱ्याचा मुलगा पुढे सयाजीराव झाला. त्यांनी 1906 साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि 1939 पर्यंत राज्य केले. ते खंडेरावांचे पुत्र नव्हते असे या नगरीत कोणी म्हणत नाही.

आपले शास्त्र या बाबतीत किती सावध होते, हेही पाहण्यासारखे आहे. दत्तविधानाने मुलाचे गोत्र बदलते, पिंडदानाचा अधिकार आणि वारसा बदलतो. तथापि विवाहाच्या वेळी जन्मकुळातील सापिंड्य मानावेच लागते. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानेही हीच व्यवस्था ठेविली. दत्तकाच्या दिवसापासून मूल सर्वार्थाने नव्या घरचे, परंतु जन्मकुळात ज्या व्यक्तीशी त्याचा विवाह होऊ शकला नसता, तिच्याशी तो पुढेही होऊ शकत नाही. म्हणजे रक्त आणि कुळ या दोन गोष्टी आहेत, हे प्रयोगशाळेने आपणांस प्रथम शिकविले असे नाही.

नव्या साक्षीदाराच्याही मर्यादा आहेत. दहा पिढ्या मागे गेले म्हणजे पूर्वजांची 1024 स्थाने होतात. प्रत्येक पिढीत अर्धा वाटा गळत असल्यामुळे त्यांतील पुष्कळांचा कणभरही अंश आपल्या शरीरात उरत नाही. ‘दक्षिण भारत’ अथवा ‘गुजरात’ अशी जी टक्केवारी येते, ती आजच्या लोकांच्या नमुन्यांशी असलेल्या साम्याची असते, पूर्वजांच्या मुक्कामांची नव्हे. नमुने वाढले की आकडेही बदलतात. शुद्ध वंशाचा अभिमान तर या शास्त्रापुढे टिकतच नाही. सुमारे 4200 ते 1900 वर्षांपूर्वीच्या काळात भारतात मोठी सरमिसळ झाली आणि त्यानंतर ज्ञाती आपापल्यात विवाह करू लागल्या, असे 2013 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

काकांच्या दूरच्या आप्तांच्या यादीत आणखी एक नाव होते, गोव्यातील एका ख्रिस्ती कुटुंबाचे. 1560 च्या सुमारास मंगेशाचे लिंग झुआरी नदीपार प्रियोळास नेण्यात आले, तेव्हा काही घरे देवाबरोबर गेली, काही मागे राहिली. गोवा, कुमठा व मंगळूर येथील रोमन कॅथलिकांविषयी 2021 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातही गौड सारस्वतांशी त्यांचे जुने नाते आढळले. ते नाव पाहून काकांना प्रथम धक्का बसला, मग म्हणाले, “देव आपण नेला, घरे मागे राहिली. त्यांचे कसे चालले असेल, हे आपण कधी विचारले नाही.”

अशी चाचणी करावयाची असेल, तर वाचकांस आमचे एवढेच सांगणे आहे. आधी घरची पेटी उघडावी आणि वडीलधाऱ्यांस विचारावे. निकालातून जिवंत माणसांची गुपितेही बाहेर येतात, म्हणून त्यांची संमती घ्यावी.

यंदा मंगेशीस अभिषेकाला गेलो, तेव्हा काकांनी नेहमीच्याच गोत्राने संकल्प सोडला. घरी परतल्यावर वंशावळ काढून त्यांनी त्या ‘द’शेजारी आजोबांच्या जन्मकुळाचे नाव व गोत्र स्वच्छ बाळबोधीत लिहून ठेविले, म्हणजे पुढच्यांस ते अक्षर वाचता येईल.