चाँद दिसण्याचे शास्त्र: सर्वांच्या नोंदींतून घडलेला नियम

29 तारखेला मगरिबनंतर चाँद आकाशात कुठे असेल, हे गणिताने अचूक सांगता येते. पण तो डोळ्यांना दिसेल का, हे नुसत्या गणिताने ठरत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या नोंदी लागतात. अशा नोंदी एकाच नमुन्यात आणि सर्वांसाठी खुल्या ठेवल्या, की त्यातून नियम कसा सुधारतो याचे हे उत्तम उदाहरण आहे.

जुना नियम
भारतीय सिद्धांतग्रंथांत 12 अंशांचा नियम होता. म्हणजे सूर्यास्तानंतर चाँद साधारण 48 मिनिटे टिकला तर दिसेल. आठव्या शतकात भारतीय खगोलगणित बगदादला पोहोचले. मुस्लिम शास्त्रज्ञांनी ते वापरले, तपासले आणि पुढे नेले.

नोंदी वाढल्या, नियम बदलला
1910 मध्ये फॉदरिंगहॅम यांनी अथेन्सच्या 76 नोंदींवरून नियम बांधला. 1997 मध्ये ब्रिटनच्या यॅलप यांच्याकडे 295 नोंदी होत्या. 1998 साली जॉर्डनमधून इस्लामिक क्रेसेंट्स ऑब्झर्वेशन प्रोजेक्ट सुरू झाला आणि देशोदेशीचे लोक इंटरनेटवरून नोंदी पाठवू लागले. 2004 मध्ये मोहम्मद औदा यांनी 737 नोंदींवरून नवा नियम मांडला. त्यातल्या जवळपास निम्म्या या प्रकल्पाच्या होत्या. सूर्य आणि चाँद यांच्यात 7 अंशांपेक्षा कमी अंतर असेल तर कोर दिसत नाही, असे पूर्वी मानत. औदांनी ती मर्यादा 6.4 अंशांवर आणली.

नोंदीत काय लिहावे?
• गाव, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ
• नुसत्या डोळ्यांनी पाहिला की दुर्बिणीने
• आकाश स्वच्छ, धुरकट की ढगाळ
• दिसला नसेल तर स्पष्ट "दिसला नाही"

शेवटची नोंद बहुतेक जण सोडून देतात. पण कोर कुठपर्यंत दिसते आणि कुठे दिसेनाशी होते, ती सीमा "नाही"शिवाय सापडत नाही. "ढगामुळे दिसला नाही" आणि "स्वच्छ आकाशात दिसला नाही" या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पावसाळ्यात आपल्या खानदेशात हे ध्यानात ठेवावेच लागते.

खुलेपणाचा फायदा
नोंद सर्वांसमोर असली की कोणीही तपासू शकतो. त्या गावी चाँद सूर्याआधीच मावळला असेल, तर सूर्यास्तानंतर "पाहिला" म्हणणाऱ्याची चूक झाली हे कळते. बिचारा खोटे बोलत असेल असे नाही. विमानाच्या धुराची रेघही कोरीसारखी भासते.

ईदचा फैसला हिलाल कमिटी आणि उलेमांचाच आहे, हे शास्त्र तो घेत नाही. साक्ष पारखायला मात्र त्याची मदत होते, आणि ईदच्या आदल्या रात्री मोबाईलवर फिरणाऱ्या अफवांवर लगाम बसतो.

नरडाण्यासारख्या गावात गच्चीवरून पश्चिम क्षितिज मोकळे दिसत असेल, तर एक वही पुरे. फक्त रमजान-ईदला नको, बाराही महिने 29 तारखेला मुलांना सोबत घेऊन नोंद करावी. वर्षभरात 12 ओळी होतील, आणि त्या कोणालाही तपासता येतील.