माँमार्त्रची टेकडी : रक्तसाक्षी व कलावंत

पॅरिस शहराच्या उत्तर भागीं सुमारें १३० मीटर उंचीची माँमार्त्र नांवाची टेकडी आहे. चित्रकार, कवि व गवई यांची स्वच्छंदी वस्ती म्हणून तिची जगांत ख्याति झाली. रंगेल रात्रींमुळें अपकीर्तिहि झाली. परंतु परंपरेनुसार तिच्या नांवाचा अर्थ ‘रक्तसाक्ष्यांचा डोंगर’ असा आहे. पॅरिसचे पहिले बिशप संत डेनिस यांचा तिसऱ्या शतकांत येथें शिरच्छेद झाला, अशी श्रद्धा आहे. या दोन कीर्ति एकाच टेकडीवर कशा नांदल्या, हें पाहणें बोधप्रद आहे.

आपणां पश्चिम किनाऱ्यावरील ख्रिस्ती जनांस ही टेकडी परकी नव्हे. ता. १५ ऑगस्ट १५३४ रोजीं, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणीं, पॅरिस विद्यापीठांतील सात सोबती तिच्या उतारावरील लहानशा प्रार्थनामंदिरांत जमले. संत इग्नाती लोयोला त्यांचे पुढारी. संत फ्रान्सिस झेवियर त्यांच्यापैकीं एक. धर्मगुरु एकटे पीटर फेबर. त्यांनीं मिस्सा अर्पण केली व सातांनीं दारिद्र्याचें व ब्रह्मचर्याचें व्रत घेतलें. येशूसंघाचें बीज तें हेंच. झेवियर ता. ६ मे १५४२ रोजीं गोंव्यास उतरले.

पुढें कैक वर्षें माँमार्त्र हें पॅरिसच्या जकातीच्या तटाबाहेरील खेडें होतें. पवनचक्क्या, द्राक्षमळे व जिप्समच्या खाणी हें त्याचें वैभव. जकात नसल्यामुळें मद्य स्वस्त, म्हणून गुत्ते वाढले. ता. १ जानेवारी १८६० रोजीं खेडें शहरांत सामील झालें. पण घरभाडें कमीच राहिलें. मध्य शहरांतील जुनीं घरें पाडलीं गेल्यामुळें निराधार झालेले पुष्कळ मजूर येथें आले.

ता. १८ मार्च १८७१ रोजीं सरकारी सैन्य टेकडीवरील तोफा नेण्यास आलें व पॅरिस कम्यूनचा उठाव पेटला. त्यांत ओलीस धरलेले आर्चबिशप दार्बुआ गोळ्या घालून मारले गेले. उलटपक्षीं सैन्यानें हजारों नागरिक ठार केले. जर्मनांकडून झालेल्या पराभवानंतर प्रायश्चित्तार्थ योजिलेल्या पवित्र हृदयाच्या बासिलिकेचा पाया १८७५ सालीं याच टेकडीवर घातला गेला. पुष्कळ मजुरांस तें मंदिर आपल्या जखमेवरील मीठ वाटलें, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे.

मंदिर उभें राहत असतांनाच स्वस्त खोल्यांसाठीं कलावंतांची रीघ लागली. ‘काळें मांजर’ नांवाचें काव्य-गायनगृह १८८१ सालीं निघालें. ‘बातो-लाव्हार’ या मोडकळीस आलेल्या लांकडी इमारतींत पाण्याचा नळ एकच. तेथेंच १९०४ ते १९०९ पिकासो राहिला व १९०७ सालीं चित्रकलेस नवें वळण देणारें ‘आव्हिन्योंच्या युवती’ हें चित्र त्यानें रंगविलें.

त्याचा शेजारी व मित्र ज्यू कवि माक्स झाकोब. १९०९ सालीं आपल्या कोंदट खोलींत प्रभु येशूचें दर्शन घडल्याचें त्यानें सांगितलें. कित्येकांनीं ती थट्टाच मानली. १९१५ सालीं त्यानें बाप्तिस्मा घेतला. धर्मपिता म्हणून पिकासो उभा राहिला. पुढें तो एका मठाच्या छायेंत राहिला. पण १९४४ सालीं नाझींनीं, जन्मानें ज्यू म्हणून, त्याला पकडलें. त्याच वर्षीं ५ मार्च रोजीं द्रांसीच्या छावणींत त्याचा अंत झाला. रक्तसाक्ष्यांच्या डोंगरानें हसऱ्या कलावंतांतूनहि एक साक्षी दिला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

पुढें भाडीं वाढलीं, कलावंत नदीपलीकडील माँपार्नासकडे वळले. आज टेकडीवर प्रवाशांची गर्दी असते. परंतु बासिलिकेंत ता. १ ऑगस्ट १८८५ पासून पवित्र साक्रामेंताची अहोरात्र आराधना अखंड चालू आहे. वाचकहो, व्रत घेणारे ते सात सोबती आणि एका नळावर पाणी भरणारे ते चित्रकार, दोघेहि निर्धन व दोघेहि जगाच्या दृष्टीनें वेडे. ज्या वस्तीस लोक नाक मुरडतात, तिच्या दारावरूनहि देव निघून जात नाहीं, हें आपण ध्यानीं धरावें.