ज्येष्ठ नागरिकांचे लसीकरण आणि भाषेचा अडसर

लसीची माहिती, नोंदणी आणि केंद्रावरील संवाद ज्या भाषेत होतो ती वृद्ध व्यक्तीला नीट समजत नसल्यामुळे लस घेण्यात येणाऱ्या अडचणींना लसीकरणातील भाषेचा अडसर म्हणतात. भारतात कोविड-१९ लसीकरणाच्या वेळी हा प्रश्न ठळकपणे पुढे आला.

नोंदणी

६० वर्षांवरील नागरिकांचे लसीकरण १ मार्च २०२१ रोजी सुरू झाले. नोंदणीचे 'कोविन' हे संकेतस्थळ तेव्हा इंग्रजीत होते. एका मोबाइल क्रमांकावर चौघांची नोंदणी करता येत असल्याने अनेक वृद्धांचे काम मुलांनी वा नातवंडांनी केले. केंद्रावर जाऊन नाव नोंदविण्याचीही सोय होती. ३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपल्या आदेशात डिजिटल दरीचा मुद्दा मांडला. जूनमध्ये मराठीसह अनेक भारतीय भाषांत संकेतस्थळ उपलब्ध झाले. मात्र वृद्धांची पाळी सुरू होऊन तोवर तीन महिने उलटले होते.

भाषांतराच्या मर्यादा

२०११ च्या जनगणनेनुसार ६० वर्षांवरील व्यक्तींपैकी सुमारे ४४ टक्केच साक्षर होत्या. त्यामुळे मजकूर मराठीत आला तरी निम्म्याहून अधिक वृद्धांना तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. शिवाय शासकीय मराठी ही अनेकांना परकीच. 'सहव्याधी आहे का?' या प्रश्नाला 'नाही' म्हणणारी व्यक्ती 'साखरेची, बीपीची गोळी चालू आहे का?' असे विचारल्यावर 'हो' म्हणू शकते. रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्याला इंजेक्शनच्या जागी अधिक रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून केंद्रावरचा प्रश्न समजणे हा निव्वळ शब्दांचा वाद नव्हे. कोव्हिशील्डच्या दोन मात्रांमधील अंतर आधी चार आठवडे होते, ते पुढे वाढत मे महिन्यात १२ ते १६ आठवडे झाले. हा बदल घरोघरी तोंडीच सांगावा लागला. नातवंड दुभाषी असले की निरोप पोहोचतो, पण आजीची शंका बहुधा विचारायची राहून जाते.

आदिवासी भाषा

मेळघाटातील कोरकू ही मुंडा गटातील, तर गडचिरोलीतील माडिया व गोंडी या द्राविडी भाषा आहेत. त्या बोलणाऱ्या वृद्धांना प्रमाण मराठीतील सूचनाही परभाषेतल्याच ठरतात. नंदुरबारमधील भिली व पावरी मराठीला तुलनेने जवळच्या. तरीही तापाची भीती, लसीविषयीच्या अफवा यांवर त्यांच्याच बोलीत बोलणारी स्थानिक आशा कार्यकर्ती किंवा अंगणवाडी सेविका छापील पत्रकापेक्षा अधिक उपयोगी पडते.