शेअर व्यवहार ॲप

शेअर व्यवहार ॲप हे भ्रमणध्वनीवरून समभागांची खरेदी-विक्री करण्याचे साधन होय. भारतात असे ॲप चालवणाऱ्या दलालाची सेबीकडे नोंदणी असणे बंधनकारक आहे.

समभागांची मालकी

खरेदी केलेले समभाग ॲपमध्ये नसून गुंतवणूकदाराच्या डिमॅट खात्यात असतात. ही खाती एनएसडीएल (कार्यारंभ १९९६) किंवा सीडीएसएल (कार्यारंभ १९९९) या मुंबईस्थित संस्थांच्या प्रणालीत असतात. त्यामुळे ॲप बंद पडले तरी मालकी अबाधित राहते. दलालाकडे जमा केलेली रोख रक्कम मात्र डिमॅट खात्यात नसते.

निवडीचे निकष

दलालाचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. दलाली, डिमॅट खात्याचे वार्षिक शुल्क आणि विक्रीवरील शुल्क यांची एकत्रित तुलना करणे योग्य ठरते. ‘शून्य दलाली’ असली, तरी रोखे व्यवहार कर व मुद्रांक शुल्क द्यावेच लागते. खासगी व्यक्तीच्या बँक खात्यात पैसे भरण्यास सांगणारे ॲप बनावट समजावे.

जोखीम

सेबीच्या जानेवारी २०२३ मधील अभ्यासानुसार, २०२१-२२ या आर्थिक वर्षात समभागांच्या वायदे व विकल्प व्यवहारांत ८९ टक्के वैयक्तिक व्यवहारकर्त्यांना तोटा झाला. ॲपची सुलभता ही जोखीम कमी करत नाही. दलालाविरुद्धची तक्रार सेबीच्या ‘स्कोअर्स’ प्रणालीवर नोंदवता येते.