तुकडोजी महाराज

(३० एप्रिल १९०९ – ११ ऑक्टोबर १९६८). विदर्भातील खंजेरी भजनाचे सर्वश्रेष्ठ गायक व रचनाकार. ‘राष्ट्रसंत’ म्हणून ख्यात. मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे. काही चरित्रांत कुळ ब्रह्मभट असे दिले आहे. जन्म अमरावती जिल्ह्यातील यावली येथे. वडील शिंपीकाम करीत. शालेय शिक्षण जेमतेम. वरखेडचे आडकोजी महाराज हे गुरू. ‘तुकड्या’ हे नाव त्यांनीच दिले आणि ‘तुकड्यादास’ ही भजनांतील नाममुद्रा त्यावरून आली. रामटेक, सालबर्डी येथील रानांतल्या वास्तव्याविषयी आख्यायिका विपुल आहेत. त्यांचा येथे विचार केलेला नाही.

संगीत : संत आणि समाजसुधारक म्हणून त्यांच्यावर भरपूर लिहिले गेले, वादक-गायक म्हणून फारच कमी. वस्तुतः गावोगाव माणसे जमत ती आधी खंजेरीच्या ठेक्याला. खंजेरी म्हणजे एका बाजूने चामडे मढवलेले, कडेला झांजा बसवलेले लहान लाकडी कडे. एका हाताने धरायचे, दुसऱ्याच्या बोटांनी वाजवायचे. वाद्य स्वस्त, खांद्याच्या झोळीत मावणारे. गाणारा स्वतःच ताल धरतो, त्यामुळे साथीदाराची वाट पाहावी लागत नाही. लय वाढवावी, मध्येच थांबून दोन वाक्ये बोलावीत, पुन्हा पालुपदावर यावे, हे सारे त्याच्या हाती. मोठ्या ताना-आलापांना या गायनात फारशी जागा नाही. छापील संग्रहांत अनेक भजनांवर ‘तर्ज’, म्हणजे ज्या गाण्याच्या चालीवर ते गायचे ती चाल, दिलेली आढळते. चाल ओळखीची आणि शब्द नवे असल्याने दुसऱ्या खेपेला श्रोते पालुपद उचलतात. रचना मराठी व हिंदी दोन्हींत. विषय भक्तीचे, त्यांच्या जोडीला अस्पृश्यता, दारू, नवस-बळी, ग्रामसफाई.

नागपूर जिल्ह्यात कळमेश्वर तालुक्यातील धापेवाडा ही ‘विदर्भाची पंढरी’. तेथील विठ्ठलामुळे या भागात टाळ-मृदंगाचे वारकरी भजन जुनेच. खंजेरी भजनाने त्याला हटवले नाही. ते त्याच्या शेजारी रुजले.

सार्वजनिक कार्य : १९३५ मध्ये मोझरी (जि. अमरावती) येथे गुरुकुंज आश्रम. १९३६ मध्ये महात्मा गांधींच्या सान्निध्यात काही काळ सेवाग्रामला मुक्काम. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर-आष्टीच्या उठावानंतर अटक, नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत स्थानबद्धता, डिसेंबरमध्ये सुटका. त्यांच्या भजनांचा उठावात नेमका वाटा किती, यावर मतभेद आहेत. सरकारला मात्र ती निरुपद्रवी वाटली नाहीत, हे अटकेवरून दिसते. त्यांनी स्थापन केलेल्या अखिल भारतीय श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांनी सामुदायिक प्रार्थना खेड्यांत नेली आणि तिच्याबरोबर भजनही नेले. १९५५ मध्ये जपानला विश्वधर्म व विश्वशांती परिषदेत सहभाग. तेथेही खंजेरी भजन झाले. १९५६ मध्ये भारत साधू समाजाचे अध्यक्ष. १९६२ व १९६५ च्या युद्धांच्या काळात सीमेवर जवानांपुढे गायन.

ग्रंथ : ‘ग्रामगीता’ (४१ अध्याय, ४,६७५ ओव्या). शिवाय भजनसंग्रह.

परंपरा : विदर्भात गावोगावी खंजेरी भजन मंडळे व स्पर्धा आजही चालतात; पेटी, तबला, टाळ यांची साथ आता सर्रास. स्पर्धांमुळे ठेक्याची सफाई वाढली, मध्येच थांबून बोलण्याची मोकळीक मात्र घटली असे दिसते. ती मोकळीक अकोला जिल्ह्यातील सत्यपाल महाराजांनी जपली. ते एका वेळी सात खंजेऱ्या वाजवून प्रबोधन करतात. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला तुकडोजी महाराजांचे नाव देण्यात आले.